ट्रॉलीच्या बोल्टबद्दल आपल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार साहेब,

आपण दोन स्टार देऊन तीन तक्रारी लिहिल्यात: आमचे एम१२ चे (१२ मिमी जाडीचे) बोल्ट मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटपेक्षा दुप्पट महाग, चोवीस नटांतले तीन बसलेच नाहीत, आणि स्टेनलेसच्या बोल्टला चुंबक चिकटतंय म्हणजे माल नकली.

आधी नटांचं बोलतो, कारण तिथं चूक आमची आहे. एम१२ चे नेहमीचे आटे १.७५ मिमी अंतराचे, फाईन म्हणजे बारीक आटे १.२५ मिमीचे. नट दिसायला सारखेच. कुणीतरी परत केलेले फाईन नट आमच्याकडून चुकीच्या खणात पडले आणि आपल्या पिशवीत आले. असा नट एक-दोन आटे चढतो आणि अडकतो. आपण पाना लावून जोर दिला असेल तर त्या बोल्टचे आटेही गेले असतील, ते अजिबात वापरू नका. तिन्ही जोड्या बदलून देतो, पैसे लागणार नाहीत. ऐन कामात आपला खोळंबा झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. आता प्रत्येक नट बोल्टवर हातानं फिरवून बघितल्याशिवाय पिशवीत टाकत नाही.

आता भाव. नागदेवीला स्वस्त मिळतं हे खरं आहे. पेटीनं माल घ्यायचा असेल तर मी स्वतः गिऱ्हाइकाला तिकडं पाठवतो. पण आपण दोन बोल्ट शेजारी ठेवून जो फोटो टाकलाय, त्यातली डोकी एकदा नीट बघा. आमच्या बोल्टवर कंपनीची खूण आणि ८.८ असा ताकदीचा आकडा उठवलेला आहे. दुसऱ्याचं डोकं कोरं आहे. कोऱ्या डोक्याचा बोल्ट ४.६ च्या वर धरायचाच नाही. ४.६ चा बोल्ट चौरस मिलिमीटरला साधारण २४ किलो ताणावर कायमचा लांबायला लागतो, ८.८ चा ६५ किलोपर्यंत टिकतो. गोठ्याचे पत्रे, कुंपणाचं गेट असल्या कामाला साधा एमएसचा (मऊ पोलादाचा) बोल्ट किलोवर घ्या, जिथं स्वस्त मिळेल तिथून घ्या. आपलं काम उसाच्या ट्रॉलीच्या ॲक्सलचं होतं. भरलेली ट्रॉली रात्री रस्त्यावरून जाते, मागं मोटरसायकली असतात. तिथं कोरा बोल्ट मी फुकटसुद्धा देणार नाही. नटावरही ८ चा आकडा बघून घ्या, मऊ नट लावला तर ८.८ चा बोल्ट घेऊन उपयोग नाही.

चुंबकाचं म्हणाल तर ३०४ म्हणजे नेहमीच्या स्टेनलेसच्या पत्र्याला ते चिकटत नाही, पण त्याच धातूचा बोल्ट थंड ठोकून, आटे दाबून बनवला की थोडं चिकटतं. तेवढ्यावरून नकली म्हणता येत नाही. डोक्यावर ए२-७० ही स्टेनलेसची खूण आहे का ते बघा. आणि स्टेनलेसला मशीननं भराभर आवळू नका, आटे एकमेकांत धरतात आणि मग बोल्ट कापावाच लागतो. थोडं ग्रीस लावून हातानं आवळा.

बदलीचे तीन नट-बोल्ट मोजून गल्ल्याजवळ ठेवलेत. उद्यमनगरला येणं जमत नसेल तर गावाकडं येणाऱ्या कुणाच्याही हाती पाठवतो, दुकानात एक फोन करा. बसवल्यावर पहिल्या दोन भरल्या खेपा झाल्या की ॲक्सलचे सगळे बोल्ट परत एकदा आवळून घ्या, नवीन बोल्ट सुरुवातीला थोडे ढिले पडतात.