गिरसप्पा म्हणजे नळ नाही

सकाळी एका प्रवासाच्या ग्रुपवर जोगच्या धबधब्याचा फोटो दिसला. काळा उघडा कडा, त्यावर दोन बारीक धारा. खाली लिहिलंय, "पाणीच नाही. पैसे फुकट गेले. कुणी जाऊ नका." आणि त्याखाली एकाचा सल्ला, "पाणी सोडतात तेव्हा विचारून जा."

सोडतात! दिवसभर हा शब्द डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

माझ्या आईच्या भूगोलात तो जोग नव्हता, गिरसप्पा होता. शरावती नदी, उंची ८३० फूट, चार धारा: राजा, राणी, रोअरर, रॉकेट. म्हातारपणीही हे तिला पाढ्यासारखं पाठ. एका एप्रिलमध्ये मी तिला घेऊन गेले, रजा तेव्हाच मिळाली म्हणून. पहाटेपासून ती बसच्या खिडकीला नाक लावून बसली होती. पोचलो तर समोर अगदी या फोटोतलंच दृश्य. कठडा धरून ती बराच वेळ गप्प उभी राहिली. मग विचारलं, "यातला राजा कुठला गं?" मला सांगता येईना. शेजारच्या काकडीवाल्या बाई मोडक्या हिंदीत म्हणाल्या, पाणी सोडलं की दिसेल. आईने माझ्याकडे बघितलं. "कोण सोडतं?"

काय सांगणार होते मी? वर लिंगनमक्कीचं धरण आहे, १९६४ पासून. त्याच्याही आधीचं हिरेभास्कर धरण आता त्याच जलाशयाच्या पोटात आहे, पाणी फारच खाली गेलं की भिंत वर येते. त्या पोटात गावं आहेत, शेतं आहेत, देवळं आहेत. शरावती अंबुतीर्थाला उगवते आणि जेमतेम १३० किलोमीटर वाहून होन्नावरला समुद्राला मिळते. एवढीशी नदी! तिला घरून निघून समुद्रापर्यंत एक धड सलग वाट ठेवली नाही आपण. आणि वर तक्रार कसली, तर धबधबा बारीक आहे.

वीज लागते, मान्य. हे टाइप करतेय तेही विजेवरच.

पण पोट भरतंय कुठे? आता त्याच खोऱ्यात तळकळले आणि गेरुसोप्पा या दोन जलाशयांच्या मध्ये २००० मेगावॅटचा पंप्ड स्टोरेज प्रकल्प आणायचा घाट आहे. खालचं पाणी वीज खर्चून वर चढवायचं आणि मागणी वाढली की पुन्हा खाली सोडायचं. चढवायला जेवढी वीज लागते तेवढी परतही मिळत नाही. सौरऊर्जा साठवायला असलं काहीतरी लागतंच म्हणतात, असेल. पण ते जंगल सिंगळीकांचं आहे हो! काळं अंग, तोंडाभोवती करड्या आयाळीची झालर असलेलं हे माकड सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या रानांखेरीज जगात कुठेच नाही. ते सहसा जमिनीवर उतरत नाही, फांदीवरून फांदीवर जगतं. मधे रस्ता काढला, झाडं पाडली की पलीकडची फांदी त्याच्यासाठी संपलीच. हे कितीदा सांगायचं?

तुम्ही सगळे माझ्यासारखेच चिडला असाल, ठाऊक आहे मला.

त्या फोटोवाल्यावर मात्र आता राग उरला नाही. त्यानेही रजा काढली असेल, घरच्यांना काहीतरी कबूल करून नेलं असेल. मीही त्या दिवशी आईला म्हणत होते, चल, काही नाही इथे, निघू या.

ती निघाली नाही. बाकावर बसून राहिली. तासाभराने माझा दंड धरून म्हणाली, "ती डावीकडची धार बघ. वारा आला की हलते." खरंच, वाऱ्याबरोबर ती धार पडद्यासारखी सरकत होती आणि दरीच्या तळाला पोचायच्या आत तिचा नुसता धूर होत होता. "कड्याला टेकत नाही ती. आम्हाला शिकवलं होतं, राजा कड्याला न टेकता पडतो. तोच राजा." आणि तिने हात जोडले, त्या दोन बोटांएवढ्या पाण्याला.

आता तिचे गुडघे दुखतात. तरी परवा विचारत होती, श्रावणात जायचं का. मी रजेचा अर्ज टाकलाय. पाणी असेल का, ते कुणाला विचारणार नाहीये.

तेव्हाचा एकच फोटो आहे माझ्याकडे. त्यात धार उमटलीच नाही, फक्त आईची पाठ आणि समोर काळा कडा.