‘कापूस’ शोधला, ‘कापसात’ राहून गेलं

पोस्टग्रेस म्हणजे नोंदी साठवून त्यात शोधायचं सॉफ्टवेअर, एक डेटाबेस. सात वर्षांनी मी पुन्हा त्याच्या कामाला लागले आहे, आणि त्याला कारण बाबांच्या वह्या.

राळेगाव तालुक्यातल्या आमच्या शेतकरी गटाच्या नोंदी बाबा ठेवतात. युरियाच्या पोत्याच्या दोऱ्यानं शिवलेल्या वह्या. कुणी काय पेरलं, कधी फवारलं, किती क्विंटल झालं. उन्हाळ्यात मी त्या सगळ्या टाइप करून पोस्टग्रेसमध्ये भरल्या. मग पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळी दिसली तसे बाबा म्हणाले, “2017 साली काय केलं होतं, पाह्य बरं.” त्या वर्षी अळीनं काय केलं ते इथं कुणाला सांगायला नको. मी ‘कापूस’ आणि ‘अळी’ टाकून शोधलं. दोन नोंदी आल्या. वहीत तर पानंच्या पानं भरलेली: ‘कापसात अळ्या’, ‘कापसाच्या बोंडात अळी’, ‘कापसावर फवारा’. नुसतं ‘काप’ शोधलं, तर कापणी आणि कापडही सोबत आलं.

शब्दाचं मूळ काढायची सोय पोस्टग्रेसमध्ये आहे, तिला स्टेमर म्हणतात. हे स्टेमर स्नोबॉल नावाच्या प्रकल्पातून येतात. नेपाळी आहे, तमिळ आहे, 2021 च्या 14 व्या आवृत्तीपासून हिंदीही आहे. मराठी नाही. हिंदीवर भागवता येत नाही, कारण हिंदीत ‘कपास का’, ‘कपास में’ सुटं लिहितात. आपला प्रत्यय शब्दाला चिकटतो आणि चिकटताना शब्दाला आतून बदलतो. शाळेत सामान्यरूप शिकलो तेच हे. विहीर, विहिरीवर. कापूस, कापसाला. इथं नुसता ‘ला’ छाटून चालत नाही, मधला ऊ कुठं गेला त्याचाही हिशेब ठेवावा लागतो. पाऊसचं पावसात होताना तर मध्ये व येऊन बसतो. हे ज्याच्या जिभेवर आहे त्यानंच लिहायला हवं. दुसऱ्या कुणाला ते कसं सुचेल?

1986 मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झालेलं पोस्टग्रेसचं काम आज कुठल्याच एका कंपनीच्या मालकीचं नाही. जगभरातली माणसं ते चालवतात. पुण्यात, नागपुरात कितीतरी मराठी पोरंपोरी याच डेटाबेसवर पगार घेतात. मीही घेतला. आपण घेतलं फार आणि दिलं फार थोडं, असं मला मनापासून वाटतं.

2016 ते 2018 मी पुण्यात असताना पोस्टग्रेसचे पॅच, म्हणजे लोकांनी सुचवलेले कोडमधले बदल, तपासायची. मग मुलगी झाली, बाबांचं ऑपरेशन झालं, गावी आलो. सुटलं ते सुटलंच.

परत येताना मी आधी तपासणीच हाती घेतली. जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी, मार्च असे वर्षातून पाच वेळा कमिटफेस्ट, म्हणजे आलेले पॅच तपासायचे महिने, असतात. पॅच पाठवणारे पुष्कळ, तपासणारे कमी. आपला एक पाठवायचा तर दुसऱ्याचा एक तपासायचा, असा रिवाज आहे. आज माझ्या वावरात तुम्ही, उद्या तुमच्या वावरात मी, तसंच. त्याला बंगळुरू लागत नाही. पॅच म्हणजे मजकुराची लहानशी फाइल, टॉवरची एक रेघ असली तरी उतरते. बाबा रात्रीच्या थ्री फेजवर मोटर लावायला जातात, तेव्हा मी चाचण्या चालवत बसते.

एकदा त्यांनी विचारलं, “याचे पैसे भेटते का बाई?”

“नाही बाबा.”

“मंग काऊन करून राह्यली?”

मी मराठी स्टेमरसाठी लिहिलेले माझे कच्चे नियम लावून परत ‘कापूस’ शोधून दाखवलं. 2017 ची सगळी पानं खाली उतरत गेली. चष्मा लावून त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. फवाऱ्याच्या एका तारखेवर बोट ठेवून बराच वेळ थांबले.

आता रोज एक-दोन शब्द तेच आणून देतात. काल म्हणाले, “ढेकूळ घेतलं का? त्याचं ढेकळात होते.”

घेतलं नव्हतं. शब्दांची यादी 412 वर गेली आहे. बुलढाणा, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या मित्रांनो, तुमच्या वावरातले, घरातले असे आतून बदलणारे शब्द दोन्ही रूपांसह मला पाठवा. पोस्टग्रेसवर काम करणाऱ्यांनी येत्या कमिटफेस्टमध्ये एक तरी पॅच तपासायला घ्या. पहिल्यांदा करत असाल तर रात्री नऊनंतर मला फोन करा, सोबत बसून करू.