३५० रुपयांचा स्विच का चालला नसता: एक तारा दिलेल्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. साडेअकराची वेळ देऊन आमचा माणूस सव्वाबाराला आला आणि मधे फोनही केला नाही, याबद्दल दिलगीर आहोत. तुमच्या दोन कॉम्प्युटरना नेट जोडायचं काम लांबल्यामुळे घरातल्या सगळ्यांचं जेवण खोळंबलं, त्याचीही माफी मागतो.

पण पुढे तुम्ही लिहिलंय की "दोन कॉम्प्युटरना नेट द्यायला ऑनलाइन ३५० रुपयांचा स्विच पुरतो, यांनी गरज नसताना राउटर माथी मारला, साडेतीन हजार उकळले, फसवणूक". (स्विच म्हणजे नेटच्या एका वायरीला जास्त खाचा देणारा छोटा डबा.) उशिराबद्दल बोला, ऐकून घेऊ. 'फसवणूक' हा शब्द मात्र गिळता येत नाही. साताऱ्यात आमचं काम एकाने दुसऱ्याला सांगितल्यावरच मिळतं. तुमचा रिव्ह्यू वाचून एका गिऱ्हाइकाने ठरलेलं काम थांबवलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या घरी भिंतीवर जी पांढरी फायबरची डबी आहे, तिला लॅनची, म्हणजे कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या वायरीची, एकच खाच आहे आणि ती डबी ब्रिज मोडमध्ये आहे. म्हणजे ती फक्त फायबरचा सिग्नल वायरीत आणून देते, कनेक्शन स्वतः जोडत नाही. ते काम इतके दिवस तुमचा डेस्कटॉप करत होता. सकाळी 'ब्रॉडबँड कनेक्शन'वर क्लिक करून 'कनेक्ट' दाबायचात ना, तेच. त्या युजरनेमवर नेट देणारी कंपनी एका वेळी एकच लॉगिन देते. आता इथे स्विच लावला असता तर काय झालं असतं? डेस्कटॉप जोडला गेला असता, आणि मागच्या खोलीतल्या लॅपटॉपवर तोच युजरनेम टाकला की एरर ६९१, म्हणजे लॉगिन नाकारलं. डेस्कटॉप डिस्कनेक्ट करा, थोडं थांबा, मग लॅपटॉप जोडा. एकाच्या मीटिंगला दुसऱ्याने नेट सोडायचं. शिवाय तुमच्या नेट कंपनीने कनेक्शन डेस्कटॉपच्या नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्याला (कार्डाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाला) बांधून ठेवलंय, म्हणजे लॅपटॉपला एकट्यालासुद्धा ते मिळालं नसतं. स्विच बिचारा वायरी वाढवतो, लॉगिन वाढवत नाही. एकदाच लॉगिन करून आतल्या प्रत्येक मशीनला वेगळा पत्ता द्यायचं काम राउटरचं.

तुमच्या मित्रांकडे स्विचवर चालतं, असंही तुम्ही म्हटलंय. चालत असेल, खोटं म्हणत नाही. त्यांची डबी राउटर मोडमध्ये असणार. ओळखायचं कसं तेही सांगतो, वाचणाऱ्या इतरांनाही उपयोग होईल. डबीची वायर थेट कॉम्प्युटरला लावा. युजरनेम न टाकता नेट सुरू झालं, आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजच्या काळ्या खिडकीत) आयपीकॉन्फिग (ipconfig) लिहिल्यावर आयपीव्ही४ पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा दिसला, तर राउटरचं काम डबीच करतेय. अशा घरी स्विच पुरतो, आणि डबीला चार खाचा असतील तर बहुतेक वेळा स्विचही लागत नाही, नुसती वायर ओढायची. तशा घरी आम्ही राउटर विकत नाही, वायर आणि मजुरी घेऊन येतो. तुमच्याकडे ही तपासणी आमच्या माणसाने तुमच्यासमोरच केली होती.

कमी खर्चाचा आणखी एक मार्ग आहे, तोही त्याने सांगितला होता. डेस्कटॉपला दुसरं लॅन कार्ड लावून विंडोजमधून इंटरनेट शेअर करायचं. डेस्कटॉप स्वतः १९२.१६८.१३७.१ हा पत्ता घेतो आणि लॅपटॉप त्याच्यामागे चालतो. पण डेस्कटॉप बंद किंवा स्लीपमध्ये गेला की लॅपटॉपचं नेट गेलं. घरात कुणाचे ऑनलाइन क्लास असतील तर दिवसभर मोठं मशीन चालू ठेवून विजेचं बिल भरायचं, हे तुम्हालाच नको होतं.

आता साडेतीन हजारांचा हिशोब. राउटर १,७५०. कॅट ६ (नेटची) केबल, शुद्ध तांब्याची, २२ मीटर, ३० रुपयांनी ६६०. केसिंग पट्टी ७ नग, ४५ ने ३१५. आरजे४५ कनेक्टर (वायरीच्या टोकाला बसवायचे) ४, १५ ने ६०. मजुरी ८००. बेरीज ३,५८५ होते, घेतले ३,५००. अठरा रुपये मीटरची केबलही बाजारात मिळते, पण ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली. तुमच्या दाराच्या चौकटीला दोन काटकोनी वळणं आहेत, तिथे तिची तार तुटायला फार वेळ लागत नाही. १०० एमबीपीएसच्या खाचांचा राउटर अकराशेला आहे, हेही खरं. पण ड्रॉइंगच्या फाइली या मशीनवरून त्या मशीनवर टाकायच्या आहेत, असं तुम्ही म्हणालात. चार जीबीची फाइल त्या राउटरवरून सहा मिनिटं घेते, गिगाबिटच्या (१,००० एमबीपीएसच्या) खाचेतून हार्ड डिस्कने साथ दिली तर पाऊण मिनिटाच्या आत जाते. दोन्ही दर सांगितल्यावर गिगाबिट तुम्ही निवडलात.

"दोन टोकं बसवायला दोन तास" याचं उत्तर थोडक्यात देतो. टोकं चार होती आणि त्यांना अर्धा तासही लागला नाही. गिगाबिटला आठही तारा लागतात. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी हा क्रम सांभाळायचा आणि पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडायचा नाही. एक तपकिरी तार जरी नीट बसली नाही, तरी नेट चालू दिसतं पण वेग शंभरावर अडकतो. पट्ट्या ठोकायला पाऊण तास गेला. उरलेला वेळ पासवर्डमध्ये गेला, सर. तो डेस्कटॉपमध्ये सेव्ह होता, दिसत होते फक्त ठिपके. कनेक्शनची पावती सापडेना, आणि ऑपरेटरचा फोन जेवणाच्या वेळेत लागेना. पासवर्ड मिळाल्यावर डेस्कटॉपवरूनच राउटरचं पान उघडून मॅक क्लोन केलं, म्हणजे कंपनीला राउटर हाच जुना डेस्कटॉप वाटतो. तरीही आधीचं लॉगिन कंपनीच्या बाजूने सुटेपर्यंत काही मिनिटं थांबावं लागलं. आमच्या माणसाने या वेळेचे वेगळे पैसे मागितले नाहीत.

जुन्या कनेक्शनवर क्लिक केलं की आता एरर ६५१ येतो, ही तक्रारही तुम्ही लिहिली आहे. तो येणारच. आता लॉगिन राउटर करतो, डेस्कटॉपने काहीच जोडायचं नाही. ते चिन्ह डिलीट करा, मशीन चालू केलं की नेट आपोआप असेल.

राहिला वेग. "१०० चा प्लॅन, मिळतात ३८, यांनी लाइन अर्धी केली" म्हणून तुम्ही लॅपटॉपच्या स्क्रीनचा फोटो टाकलाय. तो फोटो मोठा करून बघा. खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, वायफायचा पंखा दिसतोय. वायर जोडलेली असती तर तिथे छोटा मॉनिटर दिसला असता. म्हणजे आम्ही ओढलेली करडी वायर लॅपटॉपला लावलेलीच नाही. राउटर पुढच्या खोलीत, मधे अठरा इंची विटांची भिंत. वायफायचा वेगवान ५ गिगाहर्ट्झचा पट्टा त्या भिंतीपलीकडे टिकत नाही, लॅपटॉप २.४ च्या पट्ट्यावर उतरतो, आणि तिथे शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी. तशात ३८ मिळाले म्हणजे राउटरने बरंच केलं म्हणायचं. वायरीवर एका वेळी एक मशीन चालू ठेवून घेतलेले आकडे बिलाच्या मागे लिहिलेत, डेस्कटॉप ९४ आणि लॅपटॉप ९३. शंभर पूर्ण का नाहीत, तर तुमच्या डबीची खाच १०० एमबीपीएसची आहे आणि त्यातले पाच-सहा डेटाच्या वेष्टनातच जातात. दोन्ही मशीनवर एकाच वेळी मोठं डाउनलोड लावलं तर मात्र हे विभागले जाणार, त्याला कुणाचाच इलाज नाही. हवं असेल तर राउटरमध्ये बँडविड्थ कंट्रोल लावून डेस्कटॉपला ३० वर थांबवून देतो, त्याचे पैसे नाहीत.

यापुढे निघायला उशीर झाला तर कळवू, आणि दर शक्यतो आधी लिहून देऊ, बघतो कसं जमतंय ते.

तेवढी वायर लॅपटॉपला लावून पुन्हा मोजा. टोक टेबलामागे पडलं असेल. लावताना राउटरच्या बाजूचं टोक पिवळ्या खाचेतच आहे ना ते बघा, निळी खाच फक्त डबीकडून येणाऱ्या वायरीसाठी. तरी ९० च्या खाली आलं तर दुकानावर फोन करा, माणूस फुकट पाठवतो आणि या वेळी निघताना फोन करायला सांगतो. रविवारी बंद असतं, बाकीचे दिवस दहा ते आठ. आकडा बरोबर आला, तर रिव्ह्यूमधला तो एक शब्द तेवढा काढा, ही विनंती. तारा एकच राहू दे.