चिठ्ठ्या आणि आईची कूस : एका बालरोगतज्ज्ञांच्या प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय डॉक्टर,

कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवण्याच्या, म्हणजे कांगारू मदर केअरच्या चाचणीवर मी लिहिलेल्या लेखाखाली आपण दिलेली प्रतिक्रिया मी नीट वाचली. आपण नाव न देता 'एक बालरोगतज्ज्ञ' एवढीच सही केली आहे, म्हणून मीही आपल्याला नुसते डॉक्टर म्हणते. इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात सांगणे भाग आहे. पहिले वाक्य असे : "आईच्या कुशीत बाळ जगते हे सिद्ध करायला तीन हजार जीवांच्या नावाने चिठ्ठ्या टाकण्याची गरज कोणाला पडली होती?" पुढे आपण म्हणता की कोणते बाळ कोणत्या गटात आहे हे सगळ्यांनाच दिसत होते, त्यामुळे या चाचणीचे निष्कर्ष कच्चे आहेत; पहिल्या 72 तासांतील मृत्यूंचा आकडा मी लपवला; आपल्याकडच्या गर्दीत हे सारे अशक्य आहे; आणि लेख काढून टाकावा. शेवटी आपण लिहिता : "सिस्टरांनी शुश्रूषा करावी, संशोधनाचा अर्थ लावण्याचे काम आमच्यावर सोडावे."

या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते मला लागले आहे. मतभेदाचे मला वावडे नाही. माझ्या लिखाणाशी डॉक्टरांनी याआधीही असहमती नोंदवली आहे आणि त्यांतल्या काहींशी पुढे माझा चांगला पत्रव्यवहार झाला; परंतु त्यांपैकी कोणी मला माझी पायरी दाखवून दिली नव्हती. नोकरीची बहुतेक वर्षे मी जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात काढली. दीड किलोच्या आतले बाळ वॉर्मरवर, म्हणजे ऊब देणाऱ्या यंत्राखाली, आले की तापमान मोजणाऱ्या प्रोबची पट्टी पोटावर नीट चिकटली आहे का ते पाहणे, हाताच्या पाठीने आधी पोट आणि मग तळपाय चाचपणे, पोट गरम पण तळपाय गार लागले तर बाळाची ऊब टिकवण्याची शिकस्त चालली आहे हे ओळखणे, दर दोन तासांनी नळीतून किती मिलिलिटर दूध गेले ते लिहिणे, मध्येच श्वास थांबलेल्या बाळाच्या तळपायाला टिचकी मारणे, ही सगळी कामे आम्ही करत आलो. ज्या चाचणीविषयी आपण बोलत आहात तिच्यात नवे औषध नव्हते की नवे यंत्र नव्हते. बाळ कोणाच्या अंगाशी, केव्हापासून आणि किती तास ठेवायचे, हाच तिचा विषय होता, म्हणजे विषय शुश्रूषेचाच होता. तिचा अर्थ लावण्याचा अधिकार शुश्रूषा करणाऱ्यांनाच नाही, हे म्हणणे मला उद्धटपणाचे वाटते आणि ते मी इथे स्पष्टपणे नोंदवते.

आता चिठ्ठ्यांविषयी. आपले ते पहिले वाक्य मनाला भिडणारे आहे आणि इतर वाचकांनीही ते उचलून धरले आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते. आईची कूस चांगली की वाईट, हे शोधायला ही चाचणी निघालेली नव्हती. बाळ आधी स्थिर होऊ द्यावे आणि मगच कांगारू केअर सुरू करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची त्या वेळची शिफारस होती. बाळ स्थिर होईपर्यंत दोन-तीन दिवस सहज जातात, आणि कमी वजनाची जी बाळे दगावतात त्यांतली बरीचशी नेमकी याच दिवसांत दगावतात. तेव्हा अजून स्थिर न झालेल्या बाळालाही जन्मानंतर लगेच आईच्या छातीवर ठेवले तर ते जगण्याची शक्यता वाढते की कमी होते, असा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर कोणालाही ठाऊक नव्हते. अशा बाळाला वॉर्मरवरून उचलले तर त्याच्या श्वासाकडे, सलाईनकडे, ऑक्सिजनकडे दुर्लक्ष होईल, ही भीती आपल्याच क्षेत्रातील अनुभवी डॉक्टरांना होती आणि मलाही होती. ती भीती निराधार आहे, हे कुशीविषयीच्या भावनेने ठरणार नव्हते.

घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या देशांतील प्रत्येकी एक रुग्णालय आणि आपल्याकडचे दिल्लीतील सफदरजंग अशा पाच ठिकाणी 2017 मध्ये ही चाचणी सुरू झाली. 1 किलो ते 1.799 किलो वजनाची 3211 बाळे तिच्यात होती. कोणते बाळ कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे निव्वळ योगायोगाने ठरत होते. एका गटात जन्मानंतर लगेच कांगारू केअर सुरू केली; दुसऱ्या गटात त्या वेळच्या शिफारशीप्रमाणे, बाळ स्थिर झाल्यावर. या दुसऱ्या गटाकडे आपले मुळीच लक्ष गेलेले दिसत नाही. त्या बाळांना कोणत्याही मान्य उपचारापासून वंचित ठेवले नव्हते. चाचणी झाली नसती तर त्यांना जी देखभाल मिळाली असती तीच मिळाली. पहिल्या गटात आई किंवा आईच्या वतीने घरातली दुसरी व्यक्ती दिवसाचे सुमारे 17 तास बाळाला अंगाशी घेऊन होती. दुसऱ्या गटात अतिदक्षता कक्षात हा वेळ साधारण दीड तास होता. 28 दिवसांत पहिल्या गटातील 12 टक्के आणि दुसऱ्या गटातील 15.7 टक्के बाळे दगावली. म्हणजे दर 27 बाळांमागे एक जीव अधिक वाचला. आकड्यांवर नजर ठेवणाऱ्या तटस्थ समितीने हा फरक पाहून जानेवारी 2020 मध्ये नवी बाळे घेणे थांबवायला सांगितले. जीवांशी खेळ करणाऱ्यांनी स्वतःचे काम मध्येच थांबवणारी समिती आधीच नेमून ठेवली नसती.

आणि चिठ्ठ्यांचे म्हणाल तर त्या आधीही पडतच होत्या. एखादे बाळ कोणत्या गावी जन्मले, कोणत्या रुग्णालयात आले, त्या पाळीला कोणते डॉक्टर होते, त्यांचा कांगारू केअरवर विश्वास होता की नव्हता, त्यावर त्याला काय मिळायचे ते ठरायचे. एकाच कक्षात सकाळी बाळ आईकडे द्या म्हणणारे आणि संध्याकाळी ते परत वॉर्मरवर ठेवा म्हणणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. दोघेही तितक्याच ठामपणे सांगत. त्या चिठ्ठ्यांची कोणी नोंद ठेवली नाही आणि आईची संमतीही घेतली नाही. चाचणीत मात्र संमती होती, गट आधी आखलेल्या क्रमाने ठरत होता आणि प्रत्येक बाळाचे पुढे काय झाले हे लिहिले जात होते. या दोहोंतील कशावर आपण रागवायला हवे होते, याचा कृपया विचार करावा.

आपण कदाचित म्हणाल की निदान अनुभवावरून तरी हे आधी कळायला हवे होते. कोलंबियात बोगोटा येथे डॉ. एदगार रेय यांनी 1978 मध्ये ही पद्धत सुरू केली आणि बाळे वाचण्याचे प्रमाण कितीतरी वाढल्याच्या वार्ता जगभर पोहोचल्या. त्यावर 1985 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून देण्यात आले की ही तुलना सदोष आहे, कारण पहिल्या तासांत आणि दिवसांत दगावलेली बाळे या पद्धतीपर्यंत पोहोचतच नव्हती. जी तगली त्यांचीच मोजणी होत होती. त्याच बोगोटात पुढे 746 बाळांची चिठ्ठ्या टाकून तुलना झाली, 1997 मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि मृत्यूंतील फरक कांगारू केअरच्या बाजूने असला तरी ठाम निष्कर्ष काढण्याइतका नव्हता. आपल्या परळच्या केईएम रुग्णालयाने 206 बाळांची तुलना करून 2008 मध्ये दाखवले की कांगारू केअरमधील बाळांचे वजन दिवसाला सुमारे 24 ग्रॅमने वाढते आणि नेहमीच्या पद्धतीत सुमारे 16 ग्रॅमने. हे मोलाचे काम होते, पण तेही वजनापुरते. आईची कूस सगळ्यांना ठाऊक असूनही तिचे जीव वाचवण्याचे बळ मोजायला चार दशके लागली, ती याच कारणाने.

खात्री वाटणे आणि खरे असणे यांतले अंतर नवजात बाळांच्या कक्षाइतके क्वचितच कुठे महाग पडले असेल. 1940 च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सढळ ऑक्सिजन देणे हीच उत्तम देखभाल मानली जात होती. त्याच काळात अशी बाळे आंधळी होऊ लागली. वॉशिंग्टनच्या गॅलिंजर रुग्णालयात डॉ. अर्नाल पॅट्झ यांनी कमी आणि जास्त ऑक्सिजनची तुलना सुरू केली, तेव्हा कमी ऑक्सिजनच्या गटातली बाळे गुदमरतील या भीतीने काही परिचारिका रात्री त्यांचा ऑक्सिजन वाढवून ठेवत असत. त्या परिचारिकांना मी नावे ठेवू शकत नाही; रात्रपाळीला निळसर पडलेल्या बाळाशेजारी मी उभी राहिलेली आहे आणि अशा वेळी नॉबकडे हात आपसूक जातो. पण त्यांच्या मायेनेच त्या बाळांच्या दृष्टीला धोका होता. 1953 मध्ये अमेरिकेतील 18 रुग्णालयांनी मिळून चिठ्ठ्या टाकून तुलना केली आणि पुढच्या वर्षी दोष सढळ ऑक्सिजनचा असल्याचे निश्चित झाले. तोवर जगभर सुमारे 10,000 बाळांची दृष्टी गेली होती.

गोष्ट तिथे संपली नाही. मग ऑक्सिजन इतका आखडला गेला की बाळे दगावू लागली. पल्स ऑक्सिमीटर आल्यावरही रक्तातील ऑक्सिजनची नेमकी किती पातळी ठेवायची यावर एकमत नव्हते, आणि 85 ते 89 टक्के व 91 ते 95 टक्के या दोन्ही पातळ्या नेहमीच्या वापरातल्या होत्या. 1316 बाळांच्या अमेरिकन चाचणीत 2010 मध्ये दिसले की खालच्या पातळीवर डोळे अधिक वाचतात, परंतु घरी जाण्याआधी दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण 16.2 टक्क्यांऐवजी 19.9 टक्के होते. आता आपणच सांगा, एका कक्षात आयुष्य काढलेल्या कोणत्या डॉक्टरला किंवा सिस्टरला हा फरक डोळ्यांनी दिसला असता? शंभरांत तीन-चार बाळांचा फरक अनुभवाच्या चाळणीतून सहज निसटतो.

आमच्या शुश्रूषेचे वेगळे नाही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची पाठ स्पिरिट आणि पावडर लावून जोराने चोळायची, लाल झालेल्या हाडांच्या टोकांवर तर विशेष चोळायची, असे मला शिकवले गेले आणि मीही नंतर विद्यार्थिनींना तेच शिकवले. पुढे लाल झालेली जागा चोळू नये, त्याने आतल्या पेशींना इजा होऊ शकते, रुग्णाची कूस बदलणे आणि दाब हटवणे हाच उपाय, असे मार्गदर्शन आले. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मन लावून, वेळ काढून हे काम करत होतो. म्हणूनच शुश्रूषेच्याही चाचण्या व्हायला हव्यात, असे मी त्या लेखात लिहिले आणि आजही म्हणते.

आपल्या इतर आक्षेपांना इतका वेळ देण्याचे कारण मला दिसत नाही. बाळ आईच्या छातीवर आहे की नाही हे कोणापासून लपवता येणार होते? आणि मृत्यू मोजणाऱ्याच्या मताप्रमाणे बदलत नाही. आई चोवीस तास कक्षात राहिल्याने दूध वाढले असेल, तिचे लक्ष राहिले असेल, फायदा नुसत्या स्पर्शाचा नसेल, असे आपण सुचवता. असेलही, बाळाला तो मिळाला हे मला पुरेसे आहे. 72 तासांच्या आकड्याबाबत आपले म्हणणे रास्त आहे. त्या काळातील मृत्यू पहिल्या गटात 4.6 आणि दुसऱ्या गटात 5.8 टक्के होते आणि एवढ्या फरकावरून ठाम काही म्हणता येत नाही. हा आकडा लेखात असायला हवा होता आणि आज मी तो जोडला आहे. लपवल्याचा आरोप मात्र मी साफ फेटाळते. चाचणीने आधीच जाहीर केलेल्या दोन मुख्य मोजमापांपैकी ते एक होते, कोणीही उघडून वाचावे.

राहिली गर्दी. सफदरजंग हे सरकारी रुग्णालय आहे आणि तिथे प्रसूतीला येणाऱ्या बायांची गर्दी किती असते हे एका बालरोगतज्ज्ञाला मी सांगायला नको. तिथे आईची खाट अतिदक्षता कक्षाच्या आत आणली, बाळंतिणीची देखभालही तिथेच केली आणि डॉक्टर-परिचारिकांना तसे शिकवले. आमच्या कक्षात बाळ वॉर्मरवर असे आणि आई वरच्या मजल्यावर प्रसूतिपश्चात वॉर्डात. वाटीत काढलेले दूध झाकून नातेवाईक जिन्याने खाली आणत आणि दारात आमची वाट पाहत उभे राहत. ही रचना कोणत्याही शास्त्राने सांगितलेली नव्हती, ती केवळ इमारतीच्या आणि खातेवाटपाच्या सोयीची होती. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जन्मानंतर शक्य तितक्या लवकर कांगारू केअर सुरू करण्याची शिफारस केली आहे, तेव्हा 'जागा नाही' असे उत्तर आता डॉक्टरांनी द्यायचे नसून ती जागा प्रशासनाकडे मागायची आहे.

लेख मी काढणार नाही. आपल्याला पुन्हा लिहायचे असेल तर अवश्य लिहावे, शक्य तर नावानिशी लिहावे, आणि त्यात एवढे जरूर कळवावे की आपल्या कक्षात वॉर्मरच्या शेजारी आईची खाट आहे का, आणि नसेल तर ती मागणारे पत्र आपण कधी दिले आहे का.