'२००६ सालचा ड्रायव्हर' : जुन्या मदरबोर्डबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

'जुन्या कॉम्प्युटरचा स्पीड दुप्पट करा' अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या फिरतोय. काल तो भाच्याकडून माझ्यापर्यंत आला, खाली प्रश्न जोडून : "मामा, आज रात्रीच करून टाकू का हे सगळं?" मेसेजमधले दावे असे : डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्टोरेज कंट्रोलरच्या (मदरबोर्डवरच्या, डिस्क हाताळणाऱ्या भागाच्या) ड्रायव्हरची तारीख २००६ दिसत असेल तर तो तेवढा जुना आहे, लगेच इंटेलचा सर्वांत नवा ड्रायव्हर टाका. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या चिपमधल्या, कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, डिस्कशी बोलण्याची जुनी आयडीई पद्धत बदलून नवी एएचसीआय करा. एसएसडी ६ गिगाबिटच्या वेगळ्या रंगाच्या साटा (डिस्क जोडायच्या) पोर्टला लावा. राइट कॅशचं (लिहायचा डेटा तात्पुरता साठवणाऱ्या मेमरीचं) फ्लशिंग, म्हणजे त्यातला डेटा ड्राइव्हवर उतरवणं, बंद करा. आणि शेवटचा दावा म्हणजे, बायोसमधलं स्टोरेजचं फर्मवेअर (चिपमध्ये भरलेला प्रोग्रॅम) जुनं असतं, म्हणून आपल्या चिपसेटसाठी (बोर्डावरच्या मुख्य चिपसाठी) कुणीतरी 'मॉड', म्हणजे फेरफार, केलेली बायोस फाइल डाउनलोड करून फ्लॅश करा, म्हणजे चिपवर चढवा.

भाच्याला 'थांब' म्हणून कळवलं. पण मेसेज त्याच्यासारख्या अनेकांकडे पोचलाय आणि त्यातल्या शेवटच्या सल्ल्यानं चांगला चालणारा बोर्ड एका रात्रीत बंद पडू शकतो. म्हणून हे सविस्तर.

आधी ती तारीख. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'स्टँडर्ड साटा एएचसीआय कंट्रोलर'वर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा, ड्रायव्हर टॅबवर जा. तिथे २१ जून २००६ दिसेल. हीच तारीख आज विकत घेतलेल्या कोऱ्या कॉम्प्युटरवरही विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरांपुढे दिसते. आता तिच्याच खालची ओळ वाचा. व्हर्जन १०.०.१९०४१ किंवा तसंच काही असेल. तो तुमच्या विंडोजचा बिल्ड क्रमांक आहे. म्हणजे ड्रायव्हर विंडोजच्या त्या आवृत्तीबरोबर आलेला आहे, तारीख मात्र मुद्दाम जुनी ठेवलेली आहे.

कारण काय, ते मायक्रोसॉफ्टचे जुनेजाणते अभियंता रेमंड चेन यांनी २०१७ साली आपल्या ब्लॉगवर स्पष्ट लिहिलंय. एकाच हार्डवेअरला दोन ड्रायव्हर सारखेच जुळत असले, तर विंडोज आधी तारीख बघतं, मग व्हर्जन. विंडोजनं स्वतःच्या ड्रायव्हरवर खरी, ताजी तारीख टाकली असती, तर विंडोजच्या प्रत्येक नव्या आवृत्तीनं उत्पादकाचा ड्रायव्हर बाजूला सारून आपला बसवला असता. ते होऊ नये म्हणून सगळ्यांवर एकच जुनी तारीख. इंटेलही हेच करतं. त्यांच्या चिपसेटच्या आयएनएफ (ड्रायव्हरची माहिती विंडोजला देणाऱ्या) फाइलींवर १८ जुलै १९६८ ही तारीख असते. तो इंटेल कंपनीच्या स्थापनेचा दिवस. १९६८ साली साटा सोडाच, मायक्रोप्रोसेसरसुद्धा विकायला आलेला नव्हता. तारीख बघून ड्रायव्हरचं वय ठरवणाऱ्यानं या ओळीचं काय करायचं, हे मेसेज लिहिणाऱ्यानं सांगावं.

'सर्वांत नवा टाका' हा सल्ला तर त्याहून वाईट. इंटेलच्या रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी या स्टोरेज ड्रायव्हरच्या, म्हणजे आरएसटीच्या, प्रत्येक पॅकेजमध्ये एक आयएनएफ फाइल असते आणि तो ड्रायव्हर कोणत्या कंट्रोलरांसाठी आहे त्यांची यादी तिच्यात असते. तुमचा कंट्रोलर कोणता, ते प्रॉपर्टीजमधल्या डिटेल्स टॅबवर 'हार्डवेअर आयडीज' निवडलं की कळतं. वेंडर ८०८६ म्हणजे इंटेल. त्यापुढे डिव्हाइस १सी०२ असेल तर ६ मालिकेचा डेस्कटॉप चिपसेट एएचसीआय मोडमध्ये, १ई०२ असेल तर ७ मालिकेचा, ३ए२२ असेल तर त्याआधीचा आयसीएच१०. नव्या पॅकेजच्या यादीतून जुने क्रमांक काढून टाकलेले असतात. इन्स्टॉलर 'हा प्लॅटफॉर्म चालत नाही' म्हणून थांबला, तर नशीब समजा. खरी गडबड हातानं ड्रायव्हर निवडायच्या 'हॅव डिस्क'मधून इशारा डावलून ड्रायव्हर जबरदस्तीनं बसवला की होते. प्रिंटरचा ड्रायव्हर चुकला तर प्रिंट निघत नाही, एवढंच. स्टोरेजचा ड्रायव्हर चुकला तर विंडोजला स्वतःच्या फाइलीच सापडत नाहीत, आणि निळ्या स्क्रीनवर 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' येतं. मग रिकव्हरी यूएसबीवरून सिस्टम रिस्टोअर करावं लागतं, तेही रिस्टोअर पॉइंट आधी केलेला असेल तरच.

आणि एवढं करून मिळतं काय? एएचसीआय मोडमध्ये एकच एसएसडी असेल, तर विंडोजच्या ड्रायव्हरवरून आरएसटीवर गेल्यानं रोजच्या वापरात फरक जाणवत नाही. आरएसटीची खरी गरज रेड मोडमध्ये, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरताना, लागते. तेव्हा कंट्रोलरचा आयडी २८२२ दिसतो. तिथेही आपल्या चिपसेटच्या पिढीचा ड्रायव्हर घ्यायचा, शक्यतो मदरबोर्डच्या उत्पादकानं त्याच मॉडेलच्या पानावर ठेवलेला.

एएचसीआयचा मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढं मान्य करतो. आयडीई मोडमध्ये एनसीक्यू, म्हणजे कमांडची रांग, मिळत नाही. एएचसीआयमध्ये ड्राइव्हला एका वेळी ३२ पर्यंत कमांड रांगेत देता येतात, त्यामुळे एसएसडीवर छोट्या छोट्या फाइलींची एकदम गर्दी झाली की फायदा होतो. मोठी फाइल सलग कॉपी करताना फारसा होत नाही, दुप्पट तर नाहीच. पण मेसेजमध्ये क्रम सांगितलेला नाही, आणि इथे सगळं क्रमावर आहे. आधी बायोस बदललंत आणि विंडोजला कल्पना दिली नाहीत, तर पुन्हा तीच निळी स्क्रीन. विंडोज ८ पासून पुढे : एमएसकॉन्फिग उघडा, बूट टॅबमध्ये 'सेफ बूट'वर टिक करा, रीस्टार्ट करताना थेट बायोसमध्ये जा, एएचसीआय निवडा, सेफ मोड पूर्ण उघडू द्या, मग टिक काढून पुन्हा रीस्टार्ट करा. विंडोज ७ वर रजिस्ट्रीत सर्व्हिसेसखाली 'एमएसएएचसीआय' शोधा आणि त्यातलं 'स्टार्ट' ३ असेल तर ० करा. बायोसला हात त्यानंतर लावायचा. विंडोज एक्सपीत एएचसीआयचा ड्रायव्हर मुळातच नाही. तिथे आयडीई आहे तसंच राहू द्या.

६ गिगाबिटचा पोर्ट. इंटेलच्या ६ मालिकेपासून हे पोर्ट चिपसेटमध्येच येऊ लागले, आणि तिथे असतील तर जरूर वापरा. त्याआधीच्या बोर्डांवर मात्र वेगळ्या रंगाचा पोर्ट बहुतेक वेळा मार्व्हलसारख्या बाहेरच्या चिपचा असतो आणि ती चिप पीसीआय एक्सप्रेसच्या (बोर्डावरच्या डेटामार्गाच्या) एकाच लेनवर बसवलेली असते. पी५५ चिपसेटच्या अनेक बोर्डांवर ही लेन चिपसेटमधून येते आणि २.५ गिगाट्रान्स्फरनं चालते, म्हणजे कागदावर सेकंदाला २५० मेगाबाइट, प्रत्यक्षात त्याहून कमी. शेजारच्या इंटेलच्या साध्या ३ गिगाबिट पोर्टची मर्यादा ३०० मेगाबाइट आहे. म्हणजे '६' लिहिलेला पोर्ट '३' लिहिलेल्यापेक्षा हळू. लेन अरुंद आहे, आणि ती कोणत्याही ड्रायव्हरनं रुंद होत नाही.

शिवाय पोर्टचा प्रत्येक दोष फर्मवेअरनं जात नसतो. ३१ जानेवारी २०११ ला इंटेलनं ६ मालिकेच्या चिपसेटमधला दोष स्वतः जाहीर केला : ३ गिगाबिटचे साटा पोर्ट काळाच्या ओघात खराब होऊ शकत होते, पोर्ट ० आणि १ मात्र सुरक्षित होते. उपाय म्हणून बी३ स्टेपिंगची (चिपच्या पुढच्या आवृत्तीची) दुरुस्त चिप काढावी लागली. बी२ स्टेपिंगचा बोर्ड अजून वापरात असेल, तर ड्राइव्ह पहिल्या दोन पोर्टांवरच ठेवा.

राइट कॅश फ्लशिंगबद्दल दोनच ओळी. राइट कॅशिंग आधीपासूनच चालू असतं. सेटिंगमधल्या दुसऱ्या चौकोनातली, म्हणजे फ्लशिंग बंद करणारी, टिक 'डेटा खरंच ड्राइव्हवर उतरला का' ही खातरजमाच काढून टाकते. वीज गेली की अर्धवट लिहिलेली फाइल सिस्टम हातात येते. ती टिक करू नका.

आता मॉड केलेली बायोस. मेसेजमधला सर्वांत धोकादायक सल्ला हाच, आणि त्यात थोडं तथ्य आहे म्हणूनच तो लोकांना पटतो. बायोसमध्ये साटा कंट्रोलरचं स्वतःचं छोटं फर्मवेअर असतं, त्याला ऑप्शन रॉम म्हणतात. कंट्रोल आणि आय दाबल्यावर येणारी इंटेलची रेड स्क्रीन त्याचीच. ते जुनं असल्यानं खरोखर काही अडायचं. २०१२ मध्ये इंटेलनं ७ मालिकेच्या चिपसेटवर रेड ० मधल्या (डेटा डिस्कांत वाटून ठेवणाऱ्या) एसएसडींना ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवणं) दिलं, त्यासाठी ११ मालिकेचा आरएसटी ड्रायव्हर आणि ११ मालिकेचाच ऑप्शन रॉम, अशी दोन्ही टोकं लागत होती. तेव्हा बायोसमधला तो एक मॉड्यूल बदलण्याला अर्थ होता. तसंच ६ आणि ७ मालिकेच्या युईएफआय (नव्या पद्धतीच्या बायोसच्या) बोर्डांवर एनव्हीएमई ड्राइव्हवरून, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसवर चालणाऱ्या एसएसडीवरून, बूट करायचं तर एनव्हीएमईचा मॉड्यूल घालावा लागतो. मात्र त्यासाठी बायोसला हात न लावता यूएसबीवर क्लोव्हर बूटलोडर ठेवण्याचा मार्गही आहे.

एवढं सोडलं तर ऑप्शन रॉमचं काम विंडोजचा ड्रायव्हर ताबा घेईपर्यंतच. ड्राइव्ह ओळखायचा, बूट सुरू करून द्यायचं, संपलं. विंडोज उघडल्यावर वाचण्या-लिहिण्याच्या वेगाशी त्याचा संबंध नाही. सीएसएम (जुन्या पद्धतीनं बूट करण्याची सोय) बंद करून शुद्ध युईएफआय मोडमध्ये बूट करत असाल तर जुन्या पद्धतीचा ऑप्शन रॉम चालतच नाही, तिथे वेगळा युईएफआय ड्रायव्हर असतो. एक बदलला म्हणून दुसरा बदलत नाही.

'आपल्या चिपसेटसाठीची बायोस' अशी काही चीज नसते. बायोस बोर्डाची असते. एकाच चिपसेटच्या दोन बोर्डांवर व्होल्टेजची रचना, सुपर आयओ चिप, पंख्यांचं नियंत्रण, नेटवर्क आणि ऑडिओच्या चिपा सगळ्या वेगळ्या. एकाची फाइल दुसऱ्यावर चढवली की बोर्ड चालू होताना स्क्रीनच येत नाही. दुसऱ्या कुणी आपल्या चिपमधून वाचून काढलेली पूर्ण प्रत असेल तर आणखी घोटाळा : त्यात त्याच्या बोर्डाचा सीरियल क्रमांक, युनिक आयडी आणि अनेकदा नेटवर्कचा मॅक अॅड्रेसही असतो. तो तुमच्या बोर्डावर येतो आणि तुमचा कायमचा पुसला जातो.

ज्याला खरंच गरज आहे, म्हणजे जुन्या बोर्डावर एसएसडींचा रेड ० चालवायचाच आहे, त्यानं स्वतःच्या बोर्डाची शेवटची अधिकृत बायोस घ्यावी आणि तिच्यातला तेवढा एकच मॉड्यूल बदलावा. त्यासाठीची टूल्स : जुन्या एएमआय बायोसला एमएमटूल, अवॉर्डला सीबीरॉम, युईएफआयला युईएफआयटूल. नव्या ऑप्शन रॉमच्या आतला वेंडर आणि डिव्हाइस आयडी आपल्या रेड मोडमधल्या आयडीशी जुळतो का, ते आधी बघायचं. जुळला नाही तर रॉम बायोसमध्ये पडून राहतो, चालत नाही. बदललेल्या फाइलचा आकार मूळ फाइलइतकाच हवा, बाइटसुद्धा कमीजास्त नको. ती पुन्हा उघडून मॉड्यूल बाहेर काढायचा आणि घातलेल्याशी ताडून बघायचा.

फ्लॅश करण्याआधी चिपची स्वतःची प्रत काढून ठेवा. ७ मालिकेच्या अनेक बोर्डांवर ती ८ मेगाबाइटची, आठ पायांची एसपीआय चिप असते आणि ३.३ व्होल्टवर चालते. सीएच३४१ए प्रोग्रॅमर (चिप वाचायचं-लिहायचं उपकरण) स्वस्तात मिळतो म्हणून सगळे तोच घेतात, पण त्याच्या काळ्या पट्टीच्या सर्रास मिळणाऱ्या नमुन्यात डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. मीटर लावून तपासल्याशिवाय जोडू नका. बोर्डाची पॉवर केबल काढा, बॅटरीचा सेल काढा, चिपला लावायच्या क्लिपची लाल तार चिपवरच्या ठिपक्याच्या बाजूला, म्हणजे पहिल्या पायावर. चिप दोनदा वाचा आणि दोन्ही फाइलींचं हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) सारखं आलं तरच पुढे जा. वेगळं आलं तर क्लिप नीट बसलेली नाही.

रेड १ वाल्यांनी (दोन डिस्कांवर एकच डेटा ठेवणाऱ्यांनी) आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, यातच लोकांचा डेटा जातो. बायोस फ्लॅश झाल्यावर सेटिंग्ज मूळपदावर येतात आणि साटा मोड रेडवरून एएचसीआय किंवा आयडीईवर जातो. विंडोज कधी कधी त्यातल्या एकाच डिस्कवरून बूटही होतं आणि तिच्यावर लिहायला लागतं. नंतर मोड पुन्हा रेड केला की कंट्रोलरला दोन्ही डिस्क जोडीतल्याच वाटतात, 'नॉर्मल' असं लिहून येतं, आणि आतला मजकूर मात्र दोन्हींवर वेगळा असतो. म्हणून फ्लॅश करण्यापूर्वी डिस्कच्या डेटा केबल काढून ठेवा, फ्लॅशनंतर बायोसमध्ये रेड निवडून सेव्ह करा, कॉम्प्युटर बंद करा, आणि मगच केबल लावा.

फर्मवेअर बदलायचंच असेल तर ते एसएसडीचं बघा. क्रुशियल एम४ या एसएसडीमध्ये साधारण ५,१८४ तास वापर झाला की ड्राइव्ह प्रतिसाद देणं थांबवायचा, पुन्हा चालू केला की तासाभरात परत तेच. जानेवारी २०१२ मध्ये आलेल्या ०३०९ फर्मवेअरनं ते मिटलं. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही.

भाच्याचा बोर्ड एच६१ चा आहे. या चिपसेटला ६ गिगाबिटचा साटा नाही, रेड नाही, म्हणजे बदलण्यासारखा इंटेलचा रेड ऑप्शन रॉमही नाही. एसएसडी एकच, मोड आधीपासून एएचसीआय, ड्रायव्हर विंडोजचा. त्याला एवढंच सांगितलं : डेटाचा बॅकअप घे, एसएसडीच्या उत्पादकाच्या टूलमध्ये फर्मवेअरची आवृत्ती बघून मला कळव, आणि ती मॉडची फाइल डाउनलोड केली असशील तर डिलीट कर.