तोड झाल्यापासून पहिल्या पाण्यापर्यंत

ऊस तुटून गेल्यावर रानात उरणारा वाळका पाला, म्हणजे पाचट, जाळू नये, हे सांगली जिल्ह्यातल्या ऊस उत्पादकाला आता नव्याने सांगावे लागत नाही. हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट निघते, ते सरीत दाबून त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाकले तर खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणाऱ्या पुढच्या पिकाला, सेंद्रिय खत मिळते, ओल टिकते, तण कमी उगवते, ही माहिती मेळाव्यांतून आणि भित्तिपत्रकांतून घरोघर पोहोचली आहे. तरीही गाळप हंगामात वाळवा, पलूस भागातून संध्याकाळी जाताना धुराचे लोट दिसतातच. माहिती पोहोचूनही कृती बदलत नसेल, तर आणखी एक मेळावा घेऊन ती बदलेल असे मानण्यात काय अर्थ आहे, या प्रश्नामुळे मी वर्तनविज्ञानाकडे, म्हणजे माणसे निर्णय कसे घेतात आणि कशी वागतात याच्या शास्त्राकडे, वळलो आणि ते अजून शिकतो आहे.

या शास्त्राची पहिली शिकवण अशी की, माणसाचे मत काय आहे हे विचारण्याआधी तो निर्णय नेमका कधी, कुठे आणि कोणत्या घाईत घेतो ते पाहावे. पाचटाचा निर्णय मेळाव्यात होत नाही. ऊसतोड मजुरांची टोळी रान मोकळे करून निघून जाते, खोडव्याचे बुडखे छाटायचे असतात, सरीच्या बगला नांगराने फोडायच्या असतात, पाण्याची पाळी तोंडावर आलेली असते, पाचट बारीक करणारे कुट्टीचे यंत्र मागणी एकदम वाढल्याने मिळत नाही आणि जिवाणूंचे पाकीट तालुक्याच्या दुकानात असते. त्या घडीला काडेपेटी मात्र खिशात असते. पाचट कुजवण्याचा फायदा काही महिन्यांनी दिसणार आणि त्याचा त्रास आज होणार, अशा वेळी कोणताही समंजस माणूस आजचा त्रास टाळतो. त्याला अडाणी किंवा बेफिकीर म्हणणे अन्यायाचे आहे, आणि असे म्हणणाऱ्या लेखांचा मला मनापासून राग येतो.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. जाळलेले रान अख्ख्या गावाला दिसते, पण पाचट राखलेले रान बांधावर गेल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे प्रत्यक्षात अनेकांनी पाचट राखले असले, तरी ‘सगळेच जाळतात’ अशी समजूत पक्की होते. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस येथे वेस्ली शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी केलेला, २००७ साली प्रसिद्ध झालेला वीजवापराचा प्रयोग इथे आठवतो. शेजाऱ्यांचा सरासरी वापर कळवल्यावर जास्त वीज वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, पण आधीच काटकसर करणाऱ्यांनी तो वाढवला. त्यांच्या पत्रकावर शाबासकीचा हसरा चेहरा काढल्यावर मात्र ही वाढ दिसली नाही. म्हणून ‘बहुतेक शेतकरी पाचट जाळतात’ हे वाक्य जनजागृतीच्या भाषणात वापरणे मला घातक वाटते, कारण ते ऐकणाऱ्याला न सांगताच परवानगी देते. त्यापेक्षा पाचट राखलेल्या प्रत्येक रानाच्या रस्त्याकडच्या बांधावर एक साधी पाटी लावावी.

पैशाच्या बाबतीतही रचना महत्त्वाची ठरते. पंजाबात भाताचा पेंढा न जाळणाऱ्यांना मोबदला देण्याचा प्रयोग केल्सी जॅक, सीमा जयचंद्रन, नम्रता काला आणि रोहिणी पांडे यांनी केला. पडताळणी झाल्यावर पूर्ण पैसे देण्याच्या करारामुळे जाळण्यात फरक पडला नाही, पण त्यातली काही रक्कम आधीच, विनाअट हाती दिली तेव्हा न जाळणाऱ्यांचे प्रमाण ८ ते १२ टक्के-अंशांनी वाढले. खर्च आधी करायचा आणि पैसे नंतर मिळतील यावर विश्वास ठेवायचा, हे शेतकऱ्याला का जड जाते, ते उसाच्या बिलाची वाट पाहणाऱ्या आपल्या भागाला समजावून सांगायला नको.

नुसत्या माहितीपेक्षा रचना महत्त्वाची ठरते, याचा पुरावा आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातही आहे. पाणी फाउंडेशनने गावागावांत घेतलेल्या जलसंधारणाच्या २०१६ च्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातले वेळू गाव पहिले आले. पाणलोटाची कामे कशी करायची हे ज्ञान त्याआधीही उपलब्ध होते, पण स्पर्धेने त्याला ठराविक मुदत दिली, गावातल्याच माणसांना प्रशिक्षण दिले आणि शेजारचे गाव काय करते आहे हे सर्वांना दिसू लागले. श्रमदानाची इच्छा लोकांत होतीच, तिला वाट करून दिली गेली, असे मी मानतो.

या शास्त्राची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. निक चेटर आणि जॉर्ज लोवेनस्टाईन या याच क्षेत्रातल्या अभ्यासकांनी, व्यक्तीच्या सवयींवर लक्ष केंद्रित केल्याने व्यवस्थेतले दोष झाकले जातात, असा इशारा दिला आहे. तो आपल्यालाही लागू पडतो. तोडणी वेळेवर न मिळणे आणि यंत्रांची कमतरता हे प्रश्न पाट्या लावून सुटणार नाहीत. कारखान्यांनी आणि शासनाने त्यासाठी खर्चच केला पाहिजे.

तरीही कारखान्याच्या हातात आज एक सोपी जागा आहे, ती म्हणजे ऊस तोडायची पाळी आल्याचे कळवणारी तोडीची चिठ्ठी. चिठ्ठी देतानाच चिटबॉयने, म्हणजे ती देणाऱ्या कारखान्याच्या माणसाने, शेतकऱ्याला विचारावे की पाचट कोणत्या दिवशी आणि कशाने कुट्टी करणार, आणि ते उत्तर चिठ्ठीवरच लिहून घ्यावे. कधी, कुठे आणि कसे हे आधी ठरवलेले काम पार पडण्याची शक्यता वाढते, हे पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून पुढे आले आहे. जिवाणूंचे पाकीट मागणाऱ्यालाच देण्याऐवजी चिठ्ठीसोबत सर्वांना द्यावे, त्याची किंमत बिलातून वळती करावी आणि ज्याला नको असेल त्याने तसे सांगून ते परत करावे. बहुतेक माणसे समोर आलेला पर्याय तसाच ठेवतात. १ जानेवारी २०२० पासून आपल्या देशात खोलीचे एसी सुरुवातीलाच २४ अंशांवर लावलेले असावेत असा नियम झाला, त्यामागेही हाच विचार आहे.

साखर कारखान्यांच्या शेतकी विभागात काम करणारे अनेक जण ही पोस्ट वाचतील. त्यांना माझी विनंती आहे की येत्या हंगामात गावांच्या एका गटात हे करून पाहावे आणि दुसऱ्या गटात नेहमीची पद्धत ठेवावी. गट निवडताना मर्जीतली गावे घेऊ नयेत, चिठ्ठ्या टाकून निवड करावी. खोडव्याला पहिले पाणी देण्याआधी दोन्ही गटांत किती रानांवर पाचट शिल्लक आहे ते मोजावे, आणि आकडे निराशाजनक आले तरी ते सर्वांसमोर मांडावेत. मोजणीला येण्याची माझी तयारी आहे.