लाळ म्हणजे गाळलेलं रक्त नव्हे, सर

सर, नमस्कार. लाळ सोडायला ग्रंथीच्या पेशींना चेतेकडून (नर्व्हकडून) वेगळी आज्ञा मिळते, असं मी लाळग्रंथींवरच्या लेखात म्हटलं, त्यावर तुम्ही लिहिलंत की मी साध्या गोष्टीचा गुंता केला. तुमच्या मते चेतांमुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त वाढतं आणि त्यातलं पाणी माठासारखं पाझरून लाळ होते. लाळेची वेगळी आज्ञा कशाला मानायची? शिवाय, याचा शेतकऱ्याला उपयोग काय? सेलूत इतकी वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाचा आक्षेप आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचाच माठ घेऊ. माठ पाझरतो तो आतल्या पाण्याच्या दाबानं. कार्ल लुडविग या शरीरक्रियाशास्त्रज्ञानं १८५०-५१ च्या सुमारास कुत्र्याच्या जबड्याखालच्या ग्रंथीची चेता उत्तेजित केली आणि लाळेच्या नळीतला दाब मोजला. तो रोहिणीतल्या रक्तदाबाहून जास्त भरला. बाहेरचा दाब आतल्यापेक्षा जास्त असेल तर माठ पाझरेल कसा? म्हणजे ग्रंथीच्या पेशी स्वतः शक्ती खर्चून क्षार आणि त्यामागोमाग पाणी नळीत ढकलतात.

रक्त वाढतं हे तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं. क्लोद बर्नारनं १८५८ मध्ये दाखवलं की कॉर्डा टिंपनी ही चेता उत्तेजित केली की ग्रंथीतून बाहेर पडणारं नीलेतलं रक्तही लालभडक होतं आणि उसळत वाहतं. इथं थांबलं तर तुमचाच निष्कर्ष निघेल. पण १८७२ मध्ये हायडेनहाइन या शास्त्रज्ञानं आधी ॲट्रोपिन हे औषध दिलं आणि मग तीच चेता उत्तेजित केली. रक्त तसंच धो धो वाढलं, लाळ मात्र आली नाही! मला तरी या एका प्रयोगापुढं दुसरा पुरावा लागत नाही. एकाच चेतेतून दोन हुकूम जातात. पेशींना लाळ सोडायला सांगतं ते चेतेच्या टोकातून सुटणारं रसायन, ॲसिटिलकोलीन, त्याला ॲट्रोपिन अडवतं. रक्तवाहिन्या रुंद करण्यात चेतेतूनच सुटणाऱ्या व्हीआयपी नावाच्या पेप्टाइडचाही (प्रथिनासारख्या छोट्या रेणूचाही) मोठा वाटा असतो, त्याला ॲट्रोपिन अडवू शकत नाही. ॲट्रोपिन देऊनही रक्त का वाढतं, हे दुसरं कोडं सुटायला शंभरावर वर्षं गेली.

तुमचा एक मुद्दा मी मूळ लेखात नीट मांडायला हवा होता. पाणी शेवटी रक्तातूनच येतं. रक्त तोडलं तरी ग्रंथी थोडा वेळ लाळ देते, पण दिवसाला लिटरभर लाळ करायची तर रक्ताचा पुरवठा हवाच.

आता शेतकऱ्याचं. आपल्या सेलू-मानवत भागात कपाशीवर फवारणी सुरू झाली की रात्रपाळीला तोंडातून फेस येणारे, छाती घरघरणारे रुग्ण मी पाहिले आहेत. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकाचं विष ॲसिटिलकोलीन मोडणारं विकर (एन्झाइम) बंद पाडतं, मग ग्रंथीला हुकूम थांबतच नाही. बऱ्याचदा नाडी मंदावलेली असते, तरी लाळ वाहत राहते. त्यावर आम्ही देतो ते हेच ॲट्रोपिन, छाती मोकळी होईपर्यंत पुन्हा पुन्हा.

तुमचे जुने विद्यार्थी आज फवारे पाठीवर घेत असतील. त्यांना एवढं सांगाच: फवारताना तोंडाला पाणी सुटलं, मळमळलं, नजर अंधुक झाली तर काम तिथंच सोडायचं, कपडे काढून अंग साबणानं धुवायचं, आणि फवारणीच्या औषधाचा डबा सोबत घेऊन तडक दवाखाना गाठायचा. डब्यावरचं नाव वाचता आलं की आमचा अर्धा वेळ वाचतो.